पेट्रोलमधील शिसे आणि पुराव्याचे ओझे

सरकारी टिपणींत काही वाक्ये इतकी रुळलेली असतात की ती उतरविताना लेखणी क्षणभरही अडखळत नाही. ‘अपाय होतो असा पुरावा उपलब्ध नाही’ हे त्यांपैकी एक. हे वाक्य बहुधा खोटे नसते. परंतु वाचणारा त्याचा अर्थ ‘अपाय होत नाही असे सिद्ध झाले आहे’ असा घेतो, शेरा मारतो आणि फाईल पुढे सरकते. पुरावा नाही तो शोधूनही सापडला नाही म्हणून, की कोणी शोधलाच नाही म्हणून, हे त्या वाक्यात कोठेच लिहिलेले नसते. विसाव्या शतकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची प्रथा जगभर पसरली आणि ती मोडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या प्रथेच्या इतिहासात हे वाक्य पुनःपुन्हा भेटते. कारभाराशी ज्यांचा नित्य संबंध आहे अशा वाचकांना हा इतिहास रसायनशास्त्राइतकाच प्रशासनाचाही वाटेल. म्हणून तो थोड्या विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पेट्रोलमधले शिसे भूगर्भातून आलेले नव्हते. जमिनीतून निघणारे कच्चे तेल म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या शेकडो संयुगांचे मिश्रण. त्यात शेकडा ८३ ते ८७ भाग कार्बन व १० ते १४ भाग हायड्रोजन असतो. उरलेल्यात गंधक, नायट्रोजन, प्राणवायू आणि काही धातूंचे अंश असतात. तेल तापवून त्याची वाफ निरनिराळ्या उष्णतामानांस थंड केली म्हणजे आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल असे भाग वेगळे होतात आणि तळाशी डांबर राहते. एडविन ड्रेक याने १८५९ साली पेन्सिल्व्हानियात तेलाची विहीर खणली किंवा आसामात दिग्बोई येथे १८८९ साली तेल लागले, तेव्हा लोकांना हवे होते ते दिव्यासाठी रॉकेल. पेट्रोल हा भडकून पेटणारा, नकोसा भाग होता. मोटारगाडी आली आणि या टाकाऊ पदार्थाला राजयोग आला.

परंतु मोटारीच्या इंजिनाला सर्वच पेट्रोल सारखे मानवत नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दट्ट्याने दाबली जाते, मग ठिणगी पडते व ज्वाला एका बाजूकडून दुसरीकडे शिस्तीने पसरते. दाब जितका अधिक, तितकी त्याच इंधनातून मिळणारी शक्ती अधिक. मात्र दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. यालाच नॉकिंग म्हणतात. हा दोष इंधनाच्या रेणूंच्या घडणीतून येतो. ज्यांत कार्बनचे अणू सरळ साखळीत ओवलेले असतात अशी संयुगे लवकर भडकतात. ज्यांत साखळीला फाटे फुटलेले असतात किंवा अणूंचे कडे झालेले असते ती अधिक दाब सोसतात. पुढे याच भेदावर ऑक्टेन क्रमांकाची मोजणी बसविण्यात आली. सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य आणि फाटे फुटलेल्या आयसो-ऑक्टेनला शंभर.

अमेरिकेत १९१० नंतर मोटारी झपाट्याने वाढल्या आणि नॉकिंग ही उद्योगाची डोकेदुखी झाली. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी हे काम थॉमस मिजली या तरुण अभियंत्यावर सोपविले. मिजलीने आयोडीनपासून ॲनिलिनपर्यंत अनेक पदार्थ तपासले. डिसेंबर १९२१ मध्ये त्याने टेट्राएथिल लेड हे शिशाचे तेलासारखे द्रव संयुग पेट्रोलमध्ये मिसळले आणि ठोके थांबले. एका गॅलनला काही थेंब पुरत होते. सिलिंडरच्या उष्णतेत हे संयुग फुटते, त्यातून शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि अकाली भडका उडविणारी रासायनिक साखळी ते मध्येच तोडतात, असा त्यामागचा कार्यकारणभाव आहे.

याच सुमारास दुसरा एक उपायही माहीत होता, तो म्हणजे अल्कोहोल. शेतमालापासून मिळणारे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळले की नॉकिंग कमी होते, हे खुद्द मिजलीनेच दाखविले होते. परंतु ते गॅलनमागे थेंबांनी भागणारे नव्हते, बरेच मिसळावे लागे. शिवाय अल्कोहोल कोणालाही गाळता येते, त्याच्यावर मक्तेदारी सांगता येत नाही. शिशाचे संयुग स्वस्त होते व त्याचे पेटंट घेता येत होते. निवड कोणत्या बाजूने झाली असेल हे सांगावयास नको.

शिसे विषारी आहे हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. रोमन स्थापत्यविशारद व्हिट्रुव्हियस याने शिशाच्या नळातून पिण्याचे पाणी नेऊ नये असे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. आपल्याकडील रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हटले असून ते शुद्धीवाचून औषधात वापरणे घातक मानले आहे. मारुतीला माखला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड. शिशाचे खिळे हाताळणाऱ्या छापखान्यांतील कामगारांचा पोटशूळ व लुळे पडणारे मनगट युरोपातील वैद्यांना एकोणिसाव्या शतकात चांगलेच परिचयाचे होते. टेट्राएथिल लेड तर याहून भयंकर, कारण ते कातडीतून शरीरात शिरते आणि थेट मेंदूवर आघात करते. स्वतः मिजलीला १९२३ च्या आरंभी शिशाच्या विषबाधेमुळे काम सोडून विश्रांती घ्यावी लागली होती. त्याच फेब्रुवारीत ओहायो राज्यातील डेटन शहरी हे पेट्रोल प्रथम विक्रीस आले. त्याला नाव देण्यात आले ‘एथिल’. नावातून शिसे गाळले गेले होते.

वापर सुरू होताच एक अडचण उभी राहिली. शिशाचे ऑक्साइड सिलिंडरमध्ये साचून झडपा व ठिणगीचे प्लग खराब होऊ लागले. त्यावर तोड म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे एक संयुगही घालण्यात आले. ब्रोमीनशी संयोग पावलेले शिसे उष्णतेत वायुरूप होते व धुराबरोबर बाहेर पडते. इंजिन स्वच्छ राहिले. यंत्राच्या दृष्टीने ही योजना निर्दोष होती. परंतु याचा अर्थ असा की टाकीत घातलेल्या शिशाचा बहुतांश भाग रस्त्यावरच्या हवेत सोडणे हा रचनेतला दोष राहिला नाही, रचनेचा हेतूच झाला.

पहिला इशारा कारखान्यातून आला. जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल या दोन कंपन्यांनी मिळून १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन स्थापन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीमधील बेवे येथील कारखान्यात टेट्राएथिल लेड बनविणारे कामगार एकाएकी भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्यांना भास होत, झोप येत नसे, काहींना आवरण्यासाठी बांधावे लागले. पाच जण दगावले आणि तीसहून अधिक इस्पितळात गेले. ज्या इमारतीत हे काम चाले तिला कामगारांनी आधीच वेड्यांची इमारत असे नाव ठेवले होते. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला आणि न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया आदी शहरांनी या पेट्रोलवर बंदी घातली. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर चोळून व त्याची वाफ हुंगून ते निर्धोक असल्याचे दाखविले. आपल्या प्रकृतीचा आदल्या वर्षीचा अनुभव त्याने त्या वेळी सांगितला नाही.

अखेर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे प्रमुख ह्यू कमिंग यांनी २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला परिषद बोलाविली. ती एकच दिवस चालली; परंतु पुढील अर्धशतकाचा वाद त्या एका दिवसात मांडला गेला. कंपनीच्या वतीने फ्रँक हॉवर्ड यांनी सांगितले की इंधनाची बचत करणारे हे द्रव्य म्हणजे ईश्वरी देणगीच होय, आणि भविष्यात कदाचित अपाय होईल अशा केवळ भीतीने ते टाकून देणे योग्य नव्हे. उलट बाजूस येल विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डमधील औद्योगिक रोगांच्या तज्ज्ञ ॲलिस हॅमिल्टन होत्या. कारखान्यातील कामगार वाचविता येतील, तेथे पंखे बसविता येतील, हातमोजे देता येतील. परंतु रस्त्यावर पसरणाऱ्या शिशाला आवर घालणे कोणालाही शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. हेंडरसन यांनी असेही बजावले की हे विष इतके हळूहळू भिनेल की जनतेला आणि सरकारला जाग येईपर्यंत त्याचा वापर सार्वत्रिक झालेला असेल.

परिषदेने समिती नेमली. समितीने सुमारे सात महिन्यांत डेटन व सिनसिनाटी येथील २५२ वाहनचालक व गॅरेजमधील माणसे तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये अहवाल दिला की योग्य नियमांखाली या पेट्रोलच्या विक्रीवर बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही. शिसे शरीरात सावकाश साचते, त्यामुळे सात महिन्यांत जे दिसले नाही ते सात वर्षांत दिसू शकेल, हे समितीच्या सभासदांना कळत होते. म्हणूनच त्यांनी सरकारी खर्चाने पुढील संशोधन चालू ठेवावे अशी स्पष्ट शिफारस केली. अहवालाचा पहिला भाग तत्काळ अमलात आला. दुसऱ्या भागासाठी पैसा कोणी मंजूर केला नाही.

रिकामी राहिलेली ही जागा उद्योगाने भरून काढली. सिनसिनाटी विद्यापीठात केटरिंग यांच्या नावाने प्रयोगशाळा निघाली व तिचे प्रमुख डॉ. रॉबर्ट किहो हे पुढील सुमारे चाळीस वर्षे या विषयातील अंतिम अधिकारी मानले गेले. त्यांचा खर्च प्रामुख्याने त्याच कंपन्या करीत. किहो परिश्रमी होते व त्यांच्या मोजण्या पुष्कळशा खऱ्या होत्या. त्यांचा सिद्धांत असा होता की शिसे सर्वांच्याच शरीरात निसर्गतः असते, जेवढे आत येते जवळजवळ तेवढेच बाहेर टाकले जाते, आणि दर १०० घन सेंटिमीटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असल्यास काही बिघडत नाही. मोटारींपासून दूर असलेल्या मेक्सिकोतील एका खेड्यातील लोकांच्या शरीरातही शिसे आढळले, हा त्यांचा एक आधार. परंतु ते लोक शिशाचा मुलामा दिलेल्या मातीच्या भांड्यांतून जेवत होते. तुलनेसाठी निवडलेली माणसेच शिशाने माखलेली असतील, तर ‘निसर्गतः’ या शब्दाला अर्थ उरत नाही, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

१९५९ साली कंपनीने पेट्रोलमधले शिशाचे प्रमाण वाढविण्याची परवानगी मागितली. आरोग्य खात्याने पुन्हा तज्ज्ञांची समिती बसविली. १९२६ साली सुचविलेले संशोधन झालेच नाही याबद्दल समितीने खेद नोंदविला, आणि विरुद्ध पुरावा नसल्यामुळे वाढीस हरकत घेतली नाही. फायलींच्या सहवासात आयुष्य गेलेल्या माणसाला या घटनेवर भाष्याची गरज पडू नये.

हा गुंता ज्याने सोडविला तो आरोग्यशास्त्राचा अभ्यासक नव्हता. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय काढण्याच्या कामात होता. युरेनियमचा क्षय होऊन शेवटी शिसे बनते. म्हणून खडकातील व अशनींतील शिशाच्या समस्थानिकांची प्रमाणे मोजली की वयाचा हिशेब लागतो. परंतु त्याच्या मोजण्या जुळेनात. हवेतून, काचेच्या भांड्यांतून, स्वतःच्या केसांतून व कपड्यांतून शिसे नमुन्यात शिरत होते. वर्षानुवर्षे खपून त्याने प्रयोगशाळा इतकी निर्मळ केली की तिच्या तोडीची दुसरी तेव्हा क्वचितच असेल, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मग त्याच्या मनात प्रश्न आला, हे इतके शिसे आले कोठून? समुद्राच्या पाण्यात त्याला वरच्या थरात खोल थरांपेक्षा कितीतरी अधिक शिसे आढळले. पुढे ग्रीनलंडच्या हिमाच्या वर्षावर्षाच्या थरांत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शिशाचा आलेख काढला. उद्योगयुगाबरोबर तो चढत गेला होता आणि १९४० नंतर एकदम उभा राहिला होता. १९६५ सालच्या निबंधात त्याने दाखविले की अमेरिकेतील सामान्य माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आहे. जे सर्वांत आढळते ते नेहमीचे असेल, परंतु त्यावरून ते नैसर्गिक ठरत नाही, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा. तेल उद्योगाकडून त्याला मिळणारे अनुदान यानंतर थांबले.

शिशाची हकालपट्टी मात्र पॅटरसनच्या निबंधाने तत्काळ झाली नाही. ती दुसऱ्याच वाटेने सुरू झाली. लॉस एंजलिसच्या आकाशात साचणारा तपकिरी धुरका मोटारींच्या धुरातील अर्धवट जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतो, हे हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखविले होते. १९७० च्या हवाशुद्धी कायद्याने तो कमी करण्याचे बंधन आले आणि १९७५ पासून नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक पेटी बसू लागली. तिच्यातील प्लॅटिनम शिशाच्या स्पर्शाने निकामी होते. म्हणून शिसेविरहित पेट्रोल बाजारात आणणे भाग पडले. मुलांच्या मेंदूसाठी जे पन्नास वर्षांत घडले नव्हते, ते प्लॅटिनमसाठी चारपाच वर्षांत घडले.

जुन्या गाड्यांच्या पेट्रोलमधील शिसेही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा नियम सरकारने १९७३ मध्ये केला, तेव्हा एथिल कॉर्पोरेशन न्यायालयात गेले. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९७६ साली निर्णय दिला की कायद्यातील धोका या शब्दात हानीची शक्यताही येते. प्रत्यक्ष हानी निर्विवाद सिद्ध होईपर्यंत थांबण्याचे बंधन आरोग्याचे रक्षण करणाऱ्यावर नाही. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेले ते येथे. पुढे १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून दाखविले की कोणतेही बाह्य लक्षण नसलेल्या मुलांतही शिसे जितके अधिक, तितकी बुद्धीची चाचणी व वर्गातील एकाग्रता उणी. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे घटले, तसे अमेरिकन लोकांच्या रक्तातले शिसेही सरासरीने शेकडा ३७ ने उतरले. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवावेत इतके सारखे होते.

भारतात ही प्रक्रिया उशिरा पण तुलनेने वेगाने झाली. वाहनांच्या धुराविरुद्ध महेशचंद्र मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून जे आदेश निघाले, त्यांच्या रेट्याने दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत १ एप्रिल १९९५ पासून उत्प्रेरक पेटी असलेल्या नव्या मोटारी व त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. १९९८ मध्ये दिल्लीत शिशाचे पेट्रोल पूर्ण बंद झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात. मुंबईतील मुलांच्या १९९७ च्या सुमारास झालेल्या पाहणीत दहांपैकी सहा मुलांच्या रक्तात तेव्हा चिंताजनक मानल्या जाणाऱ्या १० मायक्रोग्रॅमच्या पातळीहून अधिक शिसे आढळले होते. बंदीनंतरच्या पाहणीत असे मूल तिघांत एक भरले. उरलेले शिसे रंगांतून, जुन्या बॅटऱ्या वितळविणाऱ्या भट्ट्यांतून व अशा इतर मार्गांनी येते. त्याचा लढा अजून संपलेला नाही.

शिसे गेल्यावर ऑक्टेनची उणीव भरून काढणे प्राप्तच होते. तेलशुद्धीकारखान्यांनी रेणूंची घडण बदलणाऱ्या प्रक्रिया वाढविल्या. कडे असलेल्या संयुगांचा अंश वाढला. त्यांत बेंझीन हे रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य असल्याने त्याच्यावर मर्यादा घालावी लागली व ती आता शेकडा एक इतकी आहे. आणि अखेरीस दाराशी आले ते अल्कोहोल. आपल्याकडे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी १९४८ सालीच कायदा झाला होता. तरी इथेनॉल मिश्रणाचा नवा प्रयोग सुरू होण्यास २००१ साल उजाडले, आणि तो ज्या ठिकाणी झाला त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही होती. २०२५ साली मिश्रणाचे प्रमाण शेकडा २० पर्यंत पोहोचले. १९२० च्या सुमारास डेटनच्या प्रयोगशाळेत जो पर्याय टेबलावर होता, तो ऊसकरी शेतकऱ्याच्या मळीतून परत आला. त्याचेही प्रश्न आहेतच. उसाला लागणारे पाणी, धान्याचा होणारा वापर, धुरात वाढणारे ॲसिटाल्डिहाइड यांचा हिशेब आजच मांडला पाहिजे. ते प्रश्न विचारणाऱ्याला ‘पुरावा आणा’ म्हणून परतवून लावण्याची सवय आता तरी सुटावयास हवी.

जगात रस्त्यावरील वाहनांसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. लहान विमानांच्या इंधनात ते अद्याप वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही. किहो यांचे ८० मायक्रोग्रॅम आता इतिहासजमा झाले आहेत.

हा आकडा चाळीस वर्षे टिकला, कारण तो तपासण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते दुसऱ्याकडे सोपविले. बंदीचा हुकूम एका सहीने निघतो व एका तारखेपासून लागू होतो. परंतु शिसे हे मूलद्रव्य आहे; ते कुजत नाही, जळत नाही, त्याचे दुसरे काही होत नाही. जुन्या वर्दळीच्या रस्त्यांकडेच्या मातीत ते आजही आहे, आणि वारा सुटला की धुळीबरोबर घरात येते. टिपणीतले ते छोटे वाक्य लिहिताना एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.